मिसळणाऱ्याचे ऋण

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गुरुजी फराळाला येतात. सारी हयात त्यांनी शाळेत संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर शाळा सुटली, पण चूक दाखवण्याची सवय काही सुटली नाही. आमच्या घरी ती सवय सर्वांच्या आवडीची आहे, कारण गुरुजी चकलीतली चूकही अन्वयार्थासह दाखवतात.

यंदा ते फराळाला बसले तेव्हा आतल्या खोलीत माझ्या भाचीने मोबाइलवर एक इंग्रजी गाणे लावले होते. ठेका सरळ, गिटार जराशी आळसावलेली आणि गाणारा अर्धवट झोपेत असल्यासारखा. मध्येच त्यात 'आशा' हा शब्द आला, पुन्हा आला, आणि मग येतच राहिला. गुरुजींचा हात चिवड्यावर थांबला.

"ही आशा कोण?" त्यांनी विचारले.

भाची बाहेर येऊन म्हणाली, "आपल्या आशा भोसले, आजोबा. इंग्लंडमधल्या एका बँडने त्यांच्यावर हे गाणे केले आहे."

गुरुजींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, हे मला कबूल केले पाहिजे. मग ते म्हणाले, "ना धड इकडचे, ना धड तिकडचे. याला आमच्या भाषेत भेसळ म्हणतात."

"गुरुजी, तुमच्या हातात चिवडा आहे," मी म्हणालो.

सगळे हसले, गुरुजीही हसले. पण हसण्याने वाद मिटतो, प्रश्न मिटत नाही. गुरुजी गेल्यावरही तो शब्द माझ्या मनात घोळत राहिला. दोन परंपरा एकत्र करणारा माणूस काही नवे निर्माण करतो, की दोन्ही बिघडवतो? आणि त्याने काही निर्माण केले, तरी ज्यांच्याकडून घेतले त्यांचे तो काही देणे लागतो की नाही? प्रश्न संगीताचा वाटतो, पण तो नीतीचा आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने भाषेत, पोशाखात, स्वयंपाकात, संसारात कुठून तरी काही तरी घेतलेले असते, आणि बहुतेक वेळा ते कुणाकडून घेतले हे आपण विसरून गेलेले असतो.

आधी शब्दाचाच निकाल लावू. भेसळ हा शब्द आपण दुधाबद्दल वापरतो, तेलाबद्दल वापरतो, हळद-तिखटाबद्दल वापरतो. दुधात पाणी घालणारा गवळी केवळ पाणी घातले म्हणून अपराधी होत नाही. ताक करताना आपणही पाणी घालतोच. तो अपराधी ठरतो तो पाण्याला दूध म्हणून विकतो यासाठी. चिवड्यात पोहे, शेंगदाणे, डाळे आणि खोबऱ्याचे काप सगळे आपापल्या रूपाने दिसतात. कुणी कुणाचे सोंग घेतलेले नसते. तेव्हा पहिला भेद स्पष्ट आहे: भेसळ लपते आणि मिसळ दिसते.

पण एवढ्यावर भागत नाही. उघड केले म्हणजे ते योग्यच झाले, असे थोडेच आहे? भर दुपारी, सर्वांच्या देखत दुसऱ्याच्या झाडाचे आंबे उतरवणारा लपूनछपून काही करत नाही, तरीही आंबे त्याचे होत नाहीत. म्हणून लपवण्याच्या पलीकडेही काही कसोट्या असल्या पाहिजेत. त्या शोधायच्या तर आधी त्या इंग्रजी गाण्याची हकीकत सांगायला हवी आणि मग आपल्या गावात परत यायला हवे.

त्या बँडचे नाव 'कॉर्नरशॉप'. तो १९९१ साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात सुरू झाला. इंग्लंडच्या गल्लीबोळांच्या कोपऱ्यांवरची किराणा दुकाने हिंदुस्थान-पाकिस्तानातून आलेल्या लोकांनी चालवायची, अशी तिकडे एक ठरीव समजूत आहे आणि तिच्यात हिणवण्याची छटाही आहे. तेच हिणवणे या मुलांनी पाटीसारखे कपाळावर लावले. त्यांचा म्होरक्या त्जिंदर सिंग हा इंग्लंडात जन्मलेला पंजाबी, आणि त्याचा जुना सोबती बेन एअर्स. प्रारंभी वाद्यांवर त्यांचा हात बेताचाच होता, पण आवाज मोठा होता. १९९२ साली मॉरिसी नावाच्या एका लोकप्रिय गायकावर तो वंशद्वेषी प्रतीकांशी खेळतो असा आक्षेप आला, तेव्हा या मुलांनी त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या दारात त्याचे चित्र जाळले. पुढे राग ओसरला आणि काम वाढले. गिटारीशेजारी सितार आली, ढोलक आले, पंजाबी शब्द आले, अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतले संगीत आले.

१९९७ साली त्यांनी 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणे काढले. काठोकाठ भरलेली आशा, असा त्याचा अर्थ. हिंदी चित्रपटांची पार्श्वगायिका, फिरत्या तबकड्या आणि त्या ऐकून दिवस काढणारी साधी माणसे, हा त्याचा विषय. गाणे पहिल्यांदा आले तेव्हा फारसे कुणी विचारले नाही. पुढे नॉर्मन कुक या दुसऱ्या संगीतकाराने त्याची गती वाढवून ते नव्याने बांधले आणि १९९८च्या फेब्रुवारीत ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले. सांगलीत १९३३ साली जन्मलेल्या दीनानाथांच्या मुलीचे नाव लंडनच्या नाचघरांत घुमू लागले.

त्याच संग्रहात आणखी एक गंमत आहे. बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड' या गाण्यात जॉर्ज हॅरिसनने १९६५ साली सितार वाजवली होती. ती ऐकून इंग्लंड चकित झाले, आणि आपल्याकडच्या जाणकारांनी भुवया उंचावल्या. त्याच हॅरिसनने नंतर रविशंकरांपुढे बसून शिकायला सुरुवात केली. आणि बत्तीस वर्षांनी कॉर्नरशॉपने ते गाणे घेतले आणि चक्क पंजाबीत गायले. इकडून तिकडे गेलेले वाद्य तिकडच्या गाण्यासकट इकडच्या भाषेत परत आले.

यश आले की त्याच साच्यात आणखी दहा गाणी ओतावीत, असा या धंद्याचा रिवाज. त्यांनी तो फारसा पाळला नाही. ते आपल्या गतीने, मध्ये मोठे खंड पाडत काम करत राहिले. २०११ साली त्यांनी बबली कौर या गायिकेला पुढे करून पंजाबी गाण्यांचा एक सबंध संग्रह काढला. २०२० साली 'इंग्लंड इज अ गार्डन' नावाचा आणखी एक आला. इंग्लंड ही बाग आहे, असे म्हणणाऱ्याला बागेत परदेशातून आणलेली झाडे किती असतात हे ठाऊक असावे.

हे सगळे मी दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, गुरुजींना सांगितले. ते म्हणाले, "पोरे हुशार आहेत. पण हुशारी म्हणजे अधिकार नव्हे."

"मग इंग्लंड राहू द्या," मी म्हणालो. "आपल्या गावातली भेसळ घ्या. राम जोशी घ्या."

गुरुजी एकदम गप्प झाले. राम जोशी हे त्यांचे मर्मस्थान आहे.

सोलापूर हे गावच मुळी सीमेवरचे. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू या चार भाषा इथे एका बोळात ऐकू येतात. गावाचे दैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले; त्यांची वचने कानडीत आहेत, आणि संक्रांतीला त्यांच्या नंदीध्वजांपुढे मराठी बोलणारेही तितक्याच भक्तीने चालतात. अशा गावात एका विद्वान जोशी घराण्यात १७६२च्या सुमारास राम जोशाचा जन्म झाला. घरात वेदविद्या, ज्योतिष, पुराणकथन. थोरले बंधू मुद्गल जोशी हे नावाजलेले पुराणिक. धाकट्याने त्याच वाटेने जायचे, हे त्याच्या जन्माआधीच ठरलेले असावे.

पण गावात धोंडी नावाच्या शाहिराचा फड होता. डफ कडाडला की धाकट्याचे लक्ष पोथीवरून उडे. आधी तो ऐकायला गेला, मग धोंडीला लावण्या रचून देऊ लागला, मग स्वतःच फडात उभा राहिला. जुन्या चरित्रकारांच्या सांगण्याप्रमाणे थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढले. तेव्हा तो पंढरपूरला गेला आणि बाबा पाध्ये यांच्यापाशी राहून त्याने संस्कृताचे नीट अध्ययन केले. बाबा पाध्ये म्हणजे काशीनाथशास्त्री उपाध्ये, 'धर्मसिंधु' या ग्रंथाचे कर्ते. कोणत्या तिथीला काय करावे आणि काय करू नये हे ज्यांनी अवघ्या महाराष्ट्राला सांगितले, त्यांच्या हाताखाली हा तमासगीर शिकला. तो विद्या घेऊन गावी परतला, त्याने कीर्तने केली, लोकांनी वाहवा केली, भावाचा राग निवळला. आणि मग राम जोशी पुन्हा फडाकडे वळला.

या वळण्यातच सारे मर्म आहे. पहिल्यांदा तो फडात गेला तेव्हा तो घर सोडून पळालेला पोरगा होता. दुसऱ्यांदा गेला तेव्हा तो पंडित होता. पहिल्या खेपेस त्याच्यापाशी नुसती आवड होती, आणि दुसऱ्या खेपेस तिच्या जोडीला विद्या होती. त्याने केलेले मिश्रण या दुसऱ्या फेरीतले आहे.

आणि ते कसले मिश्रण! पंडिती काव्यातले अनुप्रास, यमके, लांब समास त्याने ढोलकीच्या बोलांवर बसवले. जे शब्द पोथीत जड वाटत ते लावणीत घुंगरासारखे वाजू लागले. त्याने संस्कृतात लावणी रचली. एकाच रचनेत मराठी, कानडी, हिंदी, संस्कृत अशा भाषा त्याने शेजारी शेजारी नांदवल्या, जशा त्या आमच्या बाजारात नांदतात. शृंगाराच्या लावण्या तर त्याने लिहिल्याच, पण त्याच थाटात त्याने वैराग्यही सांगितले. भगवी कफनी आणि डोईवरच्या जटा यांनी देव भेटत नाही, हा कीर्तनकाराचा उपदेश त्याने फडाच्या चालीत इतका फक्कड बसवला की आजही तो जुन्या माणसांच्या तोंडी आहे. 'मदालसाचंपू' हे संस्कृत काव्यही त्याच्या नावावर आहे. चंपू म्हणजे गद्य आणि पद्य यांची मिसळ. मिसळीला संस्कृताच्या सोवळ्या स्वयंपाकघरातही पूर्वीपासून जागा होती, हे गुरुजींना मी हळूच सांगितले. ते त्यांना माझ्याआधी ठाऊक होते, म्हणून ते नुसते हसले.

देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असेही नाही. बारामतीला मोरोपंतांची आणि त्याची भेट झाली, पंतांनी त्याच्या बुद्धीची तारीफ केली आणि ही बुद्धी भलत्या कामी खर्च होते आहे अशी खंतही बोलून दाखवली, अशी आख्यायिका आहे. ती ऐकून राम जोशाने डफ फोडला आणि पुन्हा कीर्तनाला लागला, असेही सांगतात. डफ खरोखर फुटला की नाही हा वाद इतिहासकारांनी घालावा. एवढे खरे की पंतांच्या आर्या त्याने कीर्तनांतून लोकांपर्यंत नेल्या. विद्वानांच्या घरातल्या पोथ्यांत बसलेली आर्या चार माणसांच्या ओठी यायची तर तिला असा गळा लागतो, ज्याने फडात उभे राहून गर्दीचा श्वास ओळखलेला असतो. लावणीला त्याने शब्द दिले आणि आर्येला आवाज दिला. दोन्ही घरांची शिल्लक त्याने वाढवली. म्हणून मी याला भेसळ म्हणायला तयार नाही. भेसळीत दोन्ही वस्तूंचा कस उतरतो. इथे दोन्हींचा चढला.

यावर गुरुजींनी जे विचारले त्याने माझा सारा नूर पालटला. ते म्हणाले, "तुमच्या राम जोशाने किंमत मोजली, असे तुम्ही म्हणता. भावाने घराबाहेर काढले, लोकांनी नावे ठेवली, सारे मान्य. पण त्याला परत यायला घर होते. कीर्तनाला उभे राहायला देऊळ होते. धोंडीला काय होते?"

मला उत्तर सुचले नाही. आणि मी सांगतो, ज्या प्रश्नाला लगेच उत्तर सुचत नाही त्याच्यापाशीच थांबावे.

राम जोशाला दोन दारे होती. एक फडाचे, एक देवळाचे. तो एकातून निघून दुसऱ्यात शिरू शकत होता आणि पुन्हा माघारी येऊ शकत होता. तमाशाचा फड ज्यांच्या कष्टावर उभा होता त्या माणसांना, मग ती महार असोत, मांग असोत की कोल्हाटी, देवळाचे दार बंद होते. त्यांची कला गावाला रात्री हवी असे आणि सकाळी तिचा विटाळ होई. पंडिताचा मुलगा तमाशात गेला, ही त्या काळी केवढी मोठी बातमी झाली! पण तमाशातल्या मुलाला पंडिताच्या घरी जाता आले नाही, ही बातमी झालीच नाही, कारण तो रोजचा रिवाज होता. ज्याला दोन दारे असतात त्याच्या येण्याजाण्याला आपण धाडस म्हणतो. ज्याला एकच दार असते त्याच्या जागी राहण्याला आपण काहीच नाव देत नाही.

राम जोशी आपल्या आठवणीत कसा आला हेही पाहा. व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराने १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट काढला. दिग्दर्शनाला बाबूराव पेंटर, लेखणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचे, राम जोशाच्या भूमिकेत जयराम शिलेदार आणि बयेच्या भूमिकेत हंसा वाडकर. चित्रपट धो धो चालला आणि मराठी पडद्यावर तमाशाची लाट आली. शहरातली पांढरपेशी कुटुंबे, ज्यांनी कधी फडाच्या कनातीआड पाऊल टाकले नसते, ती खुर्चीत बसून लावणी ऐकू लागली. हा लाभ लहान नाही. पण तमाशा आपल्या दिवाणखान्यात आला तो एका ब्राह्मण शाहिराच्या चरित्राचे बोट धरून आला, याचाही विचार व्हायला हवा. आपण त्याला आत घेतले, कारण त्याच्या सोबत ओळखीचा माणूस होता.

यात राम जोशाचा दोष किती? माझ्या मते थोडा. त्याने काही लपवले नाही. लावणीत त्याने 'कविराय' ही आपली मुद्रा घातली. मी कोण, काय करतो, हे उजळ माथ्याने सांगितले. त्याच्या काळात एवढेही फार होते. पण ऋण म्हणून जे उरते ते दोषावर अवलंबून नसते. मुलगा वडिलांचे कर्ज फेडतो ते त्याने गुन्हा केला म्हणून नव्हे. तसे हे ऋण राम जोशाकडून आपल्याकडे आले आहे, कारण त्याने जोडलेल्या गोष्टीचा उपभोग आज आपण घेतो.

आमच्याच जिल्ह्यात याचा दुसरा अध्याय लिहिला गेला, आणि तो दुसऱ्या टोकाकडून. बार्शीला १९१६ साली मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला. तो गिरणीत राबला, संपात उतरला, तुरुंगात गेला, आणि पुढे शाहीर अमर शेख म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला. १९४४च्या सुमारास त्याने अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासह लालबावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊ वाटेगावचे, मांग समाजातले. तमाशा त्यांच्या आसपासच्याच माणसांचा. म्हणजे इथे मिसळणारा माणूस बाहेरून आलेला नव्हता. ज्यांचे घर होते त्यांनीच भिंत पाडून खोली वाढवली. गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आले. वगात राजाराणीऐवजी सावकार आणि कामगार आले. सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा तोच खेळ लोकनाट्य म्हणून उभा राहिला.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंनी 'माझी मैना' ही छक्कड लिहिली. छक्कड हा लावणीचाच प्रकार, आणि विषय जुनाच: पोटासाठी मुंबईला गेलेला नवरा आणि गावाकडे राहिलेली बायको. ऐकणारा विरहाने हळवा होतो, आणि गाणे संपता संपता त्याला उमगते की मैना म्हणजे मुंबई आणि बेळगाव-कारवारचा तुटलेला मराठी मुलूखही. शृंगार आणि राजकारण यांचा असा सांधा की जोड कुठे आहे ते सापडू नये. अमर शेखांच्या पहाडी आवाजाने ती छक्कड सभासभांतून नेली. बार्शीचा मुसलमान शाहीर शिवाजीमहाराजांचा पोवाडा गात असे आणि मैदान त्याच्याबरोबर उभे राही. त्याला कुणी भेसळ म्हणाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. १९६९ साली अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्या गाण्याला परत जायला दुसरे दार नव्हते, आणि म्हणूनच असेल, त्यांनी ते गाणे मैदानात आणून ठेवले. मैदानाला दार नसते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सगळेच मिसळावे, शुद्धतेचे सोवळे फेकून द्यावे. मी तसे म्हणणार नाही, आणि केवळ गुरुजींच्या धाकाने म्हणणार नाही असे नव्हे. मुद्गल जोशांना आपण गोष्टीतला दुष्ट भाऊ करून टाकतो, पण ज्या घरात त्यांनी पुराण जपले त्याच घरात राम जोशाचा कान तयार झाला. पंढरपुरात कुणी चिकाटीने संस्कृत राखले नसते तर त्याला ढोलकीवर बसवायला शब्द कुठून मिळाले असते? आणि सोलापुरात धोंडीने फड राखला नसता तर ते बसवायला ढोलकी कुठून मिळाली असती? मिसळणारा नेहमी राखणाऱ्यांच्या जिवावर जगतो. हंडे दोन असतील तरच तिसऱ्यात ओतता येते. त्यातला एक हंडा जपणाऱ्याला आपण शास्त्री म्हणून नमस्कार केला आणि दुसरा जपणाऱ्याला नाच्या, तमासगीर म्हणून दूर बसवले. राखण दोघांचीही सारखीच होती.

तेव्हा मला तीन कसोट्या दिसतात. पहिली, ज्याच्याकडून घ्यायचे ते शिकून घ्यावे. हॅरिसन सितारीपुढे बसला, राम जोशी पंढरपूरला गेला. रंग उचलायचा आणि विद्या टाळायची, हे मिसळणे नव्हे. दुसरी, ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घ्यावे. त्या इंग्रजी गाण्याची मला जी गोष्ट भावली ती हीच. त्याने आशाबाईंच्या सुरावट्या चोरून आपल्या म्हटल्या नाहीत. त्यांचे नावच गाण्याच्या मधोमध मांडले आणि लोकांना म्हणायला लावले. तिसरी कसोटी सर्वांत कठीण: ज्या दारातून आपण आत गेलो ते दार त्या घरातल्या माणसाला बाहेर येण्यासाठीही उघडे ठेवावे. ही तिसरी कसोटी राम जोशाला त्याच्या काळाने पाळू दिली नाही. आपल्याला तशी सबब नाही.

आजकाल लग्नात ढोलकीवर गिटार लावतात, लावणीचा ठेका यंत्रातून काढतात आणि वाजवणाऱ्यालाही कधी कधी तो ठेका कुठल्या गावचा हे माहीत नसते. मी त्यावर रागावत नाही. त्यातूनही एखादे वेळी चांगले निपजेल. पण नाव सांगता आले नाही तर घेतलेले पचले नाही, असे मी समजतो.

आमच्या सोलापुरी चादरीला सारा देश ओळखतो. ती विणणारे पुष्कळसे पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारे, ज्यांचे पूर्वज तेलंगणातून इथे आले. त्यांच्या मागाने गावाचे नाव देशभर नेले, पण चादर अंगावर घेणाऱ्यांपैकी किती जणांना त्या घरातली भाषा ठाऊक असते? ताणा आणि बाणा आडवे-उभे एकमेकांत गुंतले तरी प्रत्येक सूत आपापल्या रंगाचे राहते, आणि एक सूत ओढून काढले तर चादरीची नक्षी बिघडते.

भाऊबीजेची ती बैठक उठता उठता गुरुजींनी मला विचारले, "राम जोशाच्या लावण्या तुम्हाला पाठ आहेत. धोंडीची एखादी येते?"

मी मान हलवली. मला येत नव्हती. गुरुजींनाही येत नव्हती. दोघेही याच गावचे, दोघेही साठी उलटलेले, आणि दोघांनी मिळून दोन दिवस वाद घातला तो ज्याच्या डफामुळे, त्याची एक ओळ आमच्यापाशी नव्हती.

चपला घालताना गुरुजी थांबले. त्यांनी भाचीला हाक मारली. "पोरी, त्या तुझ्या इंग्रजी बँडमध्ये ढोलक कोण वाजवतो?"

ती म्हणाली, "माहीत नाही, आजोबा."

"मग शोधून ठेव," गुरुजी म्हणाले. "पुढच्या पाडव्याला विचारणार आहे."